कौसल्याच्या पायातल्या मुंग्या

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सकाळपासून अवजारं धुतली. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कडबाकुट्टी, विळे, कुऱ्हाडी. सगळं अंगणात मांडलं. यंदा एक यंत्र नवं आहे आणि ते जागेवरून हलत नाही, म्हणून ताट घेऊन मीच त्याच्याकडे गेलो. हौदाचा पंप.

हौद म्हणायचं की स्विमिंग पूल, हे गावात अजून ठरलेलं नाही. अप्पाराव त्याला बद्रीचा समुद्र म्हणतो. आज कुंपणावरून ओरडला, "बद्री, समुद्राची पूजा नारळी पौर्णिमेला असती, खंडेनवमीला न्हाई!"

"समुद्राची न्हाई, मशिनीची करून राह्यलो."

"मंग म्हशी कधी आणू डुंबायला?"

म्हटलं, तू स्वतः ये, म्हशीला कशाला त्रास. हसत गेला.

हौद बांधला तो कौसल्यासाठी. फेब्रुवारीत मोसंबीच्या बागेत शिडीवरून ती पाठीवर पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, उजवा पाय परत आला, डावा आला नाही. गुडघ्याखाली गार-गरम कळत नाही, पाऊल उचलत नाही. जालन्याच्या अफ्रीन मॅडम तिचा व्यायाम घेतात. त्या म्हणाल्या, काका, पाण्यात शरीर हलकं होतं, कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर माणूस उभा राहत नाही. म्हणून घराला लागून हा फरशीचा हौद, उतरायला पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा आणि पाणी गाळत राहणारा पंप. कौसल्या आमच्या अंगणवाडीची सेविका. सध्या मदतनीस दुर्गाबाई एकटी ओढते आहे. कौसल्याला स्वतःच्या पायांनी त्या दारात जायचं आहे. दुसरं ती काही मागत नाही.

पंप आधी नळीने स्वच्छ धुतला. त्याच्या पाठीवर वायरची डबी आहे, तिच्या फटीत माती बसली होती, तिथेही पाण्याची धार मारली. हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नारळ त्याच्यावरच फोडला आणि पाणी चारी अंगांनी शिंपडलं. हात जोडून म्हटलं, तू लोखंडाचा असशील, पण माझ्या घरातलं एक माणूस तुझ्या भरवशावर उभं राहणार आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार.

पंप चालू होऊन लगेच बंद पडतो. त्याच्या विजेच्या पेटीत एक बटणवाला ट्रिपर आहे, तो टक्कन खाली येतो. वर केला की परत खाली. दोन दिवस हेच चाललं. पाणी हिरवट दिसायला लागलं. कौसल्याचा व्यायाम बुडाला.

आदिनाथला बोलावलं. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. आसपासच्या विहिरींच्या मोटारी तोच बघतो. पेटी उघडून त्याने ट्रिपरला दोनदा टिचकी मारली.

"काका, हे लै लाडावलेलं हाय. जरा हवेत ओल आली की पडतंय. आपल्या विहिरीवर कुठं असलं काही असतंय? रातभर मोटार चालती."

"मंग काय करायचं?"

"डायरेक्ट करतो. त्याला बाजूलाच ठेवू."

त्याने एक वायर इकडून तिकडे घेतली. पंप लगेच सुरू झाला, आवाजही मोकळा. मी म्हटलं, काही धोका न्हाई ना? तो म्हणाला, "काका, तुम्ही बिलकुल निवांत राहा." पोरगं हुशार आहे. कौसल्याने त्याला घरची सीताफळं दिली.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

आज काय लिहू.

दुपारी कौसल्या हौदात चालत होती. मी काठावर बसलो होतो. ती मध्येच थांबली. म्हणाली, "अहो, पायात मुंग्या येऊन राह्यल्या."

"कोणत्या?"

"डाव्याच्या पोटरीत. आतून."

आठ महिन्यांत त्या पायातून पहिल्यांदा काही निरोप आला. मी तसाच कपड्यांनिशी पायरीवर उतरलो. ती म्हणाली, चांगल्या पायालाही थोडं जाणवतंय. मी म्हटलं, एकाच अंगाचे दोन पाय, एकाला कळलं तर दुसऱ्याला कळणारच. ती हसली. तिला असं हसताना पाहून फार दिवस झाले होते.

देवापुढे साखर ठेवली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊन यायचं नक्की केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

अफ्रीन मॅडमला फोन केला. त्यांनाही आनंद झाला. मग विचारलं, "काका, पाण्याबाहेर येतात का मुंग्या? पलंगावर, बसल्या जागी?" कौसल्याला विचारून सांगितलं, पाण्यातच येतात. मॅडम म्हणाल्या, हं. बघत राहा, पुढच्या वेळी आल्यावर तपासते. त्यांना बहुधा पेशंट होते, जल्दीत होत्या.

मला तर यात नवल वाटत नाही. पाण्यात शरीर हलकं होतं हे त्यांनीच सांगितलं होतं. हलक्या पायाला लवकर जाग येणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी.

राजूरला जाऊन आलो. गर्दी होती. रांगेत उभं राहून बोलायचं सगळं मनात जुळवलं आणि गणपतीपुढे गेल्यावर एवढंच निघालं, देवा, जे सुरू केलंस ते थांबवू नकोस.

परत येऊन तिला हौदात उतरवलं. मुंग्या कालपेक्षा जास्त आहेत म्हणाली. मांडीपर्यंत येतात. मी म्हटलं, बघ, आजच जाऊन आलो आणि आजच. ती पायरीकडे वळली. थकली असावी.

आपला कुत्रा रोज हौदाच्या काठावर पाणी प्यायचा. दोन-तीन दिवस झाले, तोंड लावतो आणि केकाटून मागे पळतो. पाण्यात टाकायची पावडर माझ्याकडून जास्त पडते आहे. उद्यापासून कमी करतो.

१२ ऑक्टोबर, रविवार.

कौसल्या आता स्टीलचा दांडा धरत नाही. दोन्ही हात छातीशी घेऊन चालते. मी म्हटलं, केवढी हिंमत आली तुला! ती म्हणाली, "दांडा नको वाटतो." मी काठावरून सोबत चालत राहिलो.

अप्पाराव बघत होता. आज टोमणा मारला नाही. म्हणाला, "वैनी, अंगणवाडीतली पोरं दुर्गाबाईला कोळून प्यायलीत. या आता जल्दी." कौसल्याने मान हलवली. मला वाटलं आनंदाने रडेल, पण ती लवकर बाहेर आली. आणखी दोन फेऱ्या मार म्हटलं तर म्हणाली, आज पुरे.

मनात एक शंका आली ती लिहून ठेवतो. आनंदाची गोष्ट घडते आहे तर तिचा चेहरा का उतरला असावा? बरं होण्याचीसुद्धा माणसाला भीती वाटत असेल. इतके महिने पलंगावर काढल्यावर जगात परत जायचं म्हणजे सोपं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

पंप जळाला.

कौसल्या नुकतीच पायरीवर येऊन बसली होती. मी टॉवेल आणायला वळलो आणि रबर जळाल्याचा वास आला. मागे पाहिलं तर पंपाच्या डबीतून धूर निघत होता, काळा, दाट. आत चरचर आवाज. मी पळत जाऊन घराचा मेन पाडला. परत आलो तोवर पेटीपासून पंपापर्यंतच्या वायरचं वरचं कातडं वितळून फरशीवर थेंब पडले होते. कौसल्याला उचलून घरात आणलं. तिने माझा दंड असा धरला होता की नखं उमटली.

"तुम्ही हात नका लावू तिकडं," एवढंच म्हणत राहिली.

तिला काही झालं नाही. त्या वेळी ती पाण्यात असती तर, हा विचार सारखा येतो आणि मी तो पुढे जाऊ देत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आदिनाथ येऊन गेला. डबी उघडली नाही, वरूनच पाहिलं. "जळून कोळसा झालाय काका. काही न्हाई, एवढा तुकडा कापतो, नवीन वायर जोडतो, टेप मारतो, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. तासात पंप चालू."

विहिरीवर आम्ही आजवर असंच केलं आहे. जोड, टेप, पिशवी. मी त्याला हो म्हणणारच होतो. पण विहिरीच्या पाण्यात आमची मोटार असते, आणि या पाण्यात कौसल्या असते. हे इतकं साधं आहे आणि मला ते आज, जळक्या वायरीपुढे उभं राहून सुचलं.

म्हटलं, नको. याचा जाणता माणूस आणतो.

आदिनाथला राग आला. "मी जाणता न्हाई का मंग?"

"तू विहिरीचा जाणता हाय बाबा."

तोंड फुगवून गेला. कौसल्या म्हणाली, "राहू द्या ना आता तो हौद. घरातच करीन व्यायाम." मी म्हटलं, अगं, ऐन मुंग्या यायला लागल्या आणि आता सोडायचं? देवाने दार उघडलं आहे, आपण उंबऱ्यावर बसून राहायचं?

पंप परत चालणार. नीट चालणार. माझ्याकडून जेवढं होईल तेवढं करीन.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

जालन्याला गेलो. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्याला विचारत विचारत मुझफ्फरभाईंचं दुकान सापडलं. जळालेल्या मोटारींची तार नव्याने बांधणं आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या विजेच्या पेट्या दुरुस्त करणं, हा त्यांचा धंदा. माझ्याच वयाचे, पोट सुटलेले, मेंदी लावलेली दाढी. मी जळक्या वायरीचा तुकडा सोबत नेला होता. तो नाकाशी धरून म्हणाले, "भाऊ, दिवाळी तोंडावर. सगळी दुनिया आत्ताच जळून राह्यली. ईदनंतर या म्हटलं असतं, पण ईद लै लांब हाय."

मी म्हटलं, घरातलं माणूस आजारी आहे, त्याच्यासाठी आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जुम्म्याची नमाज वाटेत वाटूरला पढतो आणि तसाच येतो. चहात साखर जास्त लागते, भाभींना आधीच सांगून ठेवा."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

मुझफ्फरभाई बोलल्याप्रमाणे आले. मोटारसायकलवरून उतरताना कंबर धरून कण्हले आणि हौद बघून म्हणाले, "वा! आमच्या मोहल्ल्यात नळाला पाणी न्हाई, आणि तुमच्याकडं समंदर!" म्हणजे अप्पारावला जोडीदार मिळाला.

आधी मेन पाडायला लावला. मग पंपाच्या डबीचं झाकण काढलं. आत सगळं काळं आणि गंजलेलं. त्यातच पिवळा-लाल थर. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं.

"भाऊ, हिच्यावर नारळ फोडला का?"

"खंडेनवमीला. पूजा केल्ती."

"धुतलं पण असंल?"

"नळीने. स्वच्छ."

त्यांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, आमच्या दुकानात पण दसऱ्याला कारागीर लोक पूजा करतेत. हार घालतेत, कुंकू लावतेत, मी पेढे आणतो. पण नारळ उंबऱ्यावर. मशिनीला आंघोळ न्हाई घालायची. नारळाचं पाणी तर लै खराब, सुकलं तरी आत काम करत राहतं."

वाईट वाटलं. म्हटलं, श्रद्धेने केलं होतं. ते म्हणाले, "श्रद्धा बराबर हाय हो. जागा चुकली."

इथवर ते हसत होते. मग पेटी उघडली. आदिनाथने घेतलेली वायर बघितली आणि त्यांचं बोलणंच थांबलं.

"हे कोणी केलं?"

"पुतण्यानं. ट्रिपर सारखा पडत व्हता."

"कधीपासून असं?"

"दसरा झाल्यावर दोन दिवसांनी."

"आणि या पाण्यात कोण उतरतं?"

"आमची मंडळी."

"रोज?"

"रोज. पंप चालू ठेवूनच, म्हणजे पाणी हलत राहतं."

त्यांनी खाली वाकून अर्थिंगची वायर ओढली. ती सरळ हातात आली. टोकाला काहीच नव्हतं. विचारलं, "भाभींना कधी झटका वगैरे?"

"झटका न्हाई बघा. उलट गुण आला. पायात मुंग्या यायला लागल्या. जो पाय गेल्ता, त्याच पायात."

मुझफ्फरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवून हत्यारं पिशवीत भरायला लागले. म्हणाले, "भाऊ, मी सांगेपर्यंत भाभींना पाण्यात सोडू नका. पायरीवर पण न्हाई."

एवढी साखर घातली होती, तरी चहा अर्धा टाकून गेले. काहीतरी कमी पडलं असावं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

अर्थिंगचा खड्डा खणायचा आहे. मुझफ्फरभाईंनी सांगितलंय, माणूस उभा राहील एवढा खोल, हौदापासून दूर, जिथे ओल टिकते तिथे. मी लिंबाखालची जागा धरली. वर काळी माती, खाली मुरूम. टिकाव मुरमावर आपटून परत उसळतो. अप्पाराव आला, म्हणाला, "समुद्र झाला, आता विहीर का?" मग शर्ट काढून स्वतःच खाली उतरला. दोघांनी आळीपाळीने खणलं. आदिनाथ फाटकापाशी उभा राहून बघत होता. आत आला नाही, गेलाही नाही. शेवटी मीच ओरडलो, "माती ओढायला तरी ये." तेव्हा आला.

खणताना नामस्मरण आपोआप होतं. टिकाव वर, एक नाम. टिकाव खाली, एक नाम. तळहाताला फोड आले, पण मन स्वच्छ आहे. देवाने एक चिन्ह दाखवलं. माझं काम एवढंच की रस्ता बंद पडू द्यायचा नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार.

काम पूर्ण झालं. खड्ड्यात जस्ताचा पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ. पंपाला नवी डबी, जळालेली सगळी वायर काढून नळीतून नवी वायर. पेटी जमिनीवरून उचलून भिंतीवर, छपराखाली. स्टीलच्या दांड्यालाही अर्थिंगची पट्टी. नवा ट्रिपर. मुझफ्फरभाईंनी त्याचं बटण माझ्याच हाताने दाबायला लावलं, टक्कन पडला. "हा पडला की त्याला शिव्या द्यायच्या न्हाई. पंप बंद ठेवायचा आणि मला फोन करायचा. मागचा पडत न्हवता भाऊ, तो तुम्हाला आवाज देऊन राह्यला व्हता." आदिनाथ शेजारीच उभा होता. मान खाली घालून ऐकत होता.

पंप सुरू केला. मुझफ्फरभाईंनी मीटरच्या तारा पाण्यात सोडल्या, दांड्याला लावल्या, परत पाण्यात. काटा हलला नाही.

मी म्हटलं, "म्हणजे आता पहिल्यासारखं झालं?"

"पहिल्यापेक्षा चांगलं."

"मंग मुंग्या येतील ना परत? मधे खाडा पडला म्हणून विचारतो."

त्यांनी तारा गुंडाळल्या. आदिनाथला पाणी आणायला आत पाठवलं. मग म्हणाले, "भाऊ, बसा जरा."

बसलो.

"येणार न्हाईत."

"का?"

"त्या करंटच्या व्हत्या."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, कसल्या? त्यांनी परत सांगितलं, सावकाश. डबीत ओल गेली, तिथून करंट पाण्यात उतरला. ट्रिपर वाचवत होता, त्याला बाजूला केलं. अर्थिंग नव्हतं. पाण्यातल्या माणसाला मुंग्या आल्या. दांड्याला हात लावला तर जास्त येणार. "जुम्म्यालाच मला कळलं व्हतं. तुमचं तोंड बघून बोलवलं न्हाई. पण आज न्हाई सांगितलं, तर तुम्ही भाभींना विचारत बसला असता. अल्लानं वाचवलं त्यांना. एवढंच धरा."

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो.

२० ऑक्टोबर, सोमवार.

कुत्र्याला कळलं होतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

कौसल्याने विचारलं, झालं का दुरुस्त, उतरू का? मी म्हटलं, सिमेंट ओलं आहे. दुपारी परत विचारलं. मी म्हटलं, सण झाल्यावर. तिच्याशी खोटं बोलायची सवय नाही, जीभ अडखळते.

पूजेला बसलो तेव्हा मन लागलं नाही. जे तिला मारायला निघालं होतं त्याचे मी राजूरला जाऊन आभार मानले. थांबवू नकोस असं मागून आलो. त्याने ऐकलं असतं तर? तिसऱ्या दिवशी वायर जळाली आणि मी हळहळलो की ऐन वेळी विघ्न आलं. आता वाटतं, विघ्न कोणतं होतं आणि कृपा कोणती, हे मला ओळखता येत नसेल तर मी इतकी वर्षं हात जोडून नेमकं काय करत आलो?

तरी निरांजन लावलं. पंपाला लांबूनच नमस्कार केला.

तिला सांगायचं आहे. जो पाय जागा झाला असं तिला वाटतं, तो झोपलेलाच आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगायचं आहे. तिने हौदाकडे पाठ फिरवली तर मी तिला दोष देणार नाही. पण सांगणार. आणि पाणी सुरक्षित आहे हे तिला आधी डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

कौसल्याचा भाऊ ओवाळून घेऊन दुपारी गेला. मग मी पंप सुरू केला, धोतर खोचलं आणि हौदात उतरलो. इतक्या महिन्यांत मी त्या पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेलो नव्हतो. दोन्ही हातांनी स्टीलचा दांडा धरला आणि उभा राहिलो. गणपतीचं नाव घेतलं, पण काही मागितलं नाही.

अप्पाराव कुंपणावर आला. "बद्री, अंगाला साबण लाव की!"

माझं तोंड बघून तो निघून गेला.

कौसल्या खिडकीतून बघत होती. वॉकर घेऊन एकेक पाऊल ओढत दारापर्यंत आली. "काय करून राह्यले तुम्ही?"

"बघतो."

"काय?"

पाण्यात उभ्यानेच सगळं सांगितलं. पूजा, डबी, ट्रिपर, करंट. मुंग्या पायाच्या नव्हत्या, हे सांगताना मी दांड्याकडे बघत होतो. सांगून झाल्यावर वर पाहिलं. ती रडत नव्हती.

"हातालाही येत व्हत्या," ती म्हणाली. "दांडा धरला की खांद्यापर्यंत. म्हणून सोडला दांडा."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही राजूरला जाऊन आल्ते. देवापुढं साखर ठेवली. काय सांगू?" मग म्हणाली, "आणि मलाही वाटायचं, दहातल्या दोन तरी खऱ्या असतील."

मी म्हटलं, "कौसल्या, तू मेली असतीस."

"तुम्ही आता निघा बाहेर. ओठ काळे पडलेत."

बाहेर आलो तेव्हा तिने टॉवेल माझ्या अंगावर फेकला. फेकला म्हणजे चांगला जोरात फेकला. नंतर चहा मलाच करायला लावला, आणि चहात आलं कमी पडलं म्हणून परत बोलली. माझ्या लक्षात आलं, तिला राग आला आहे. माझ्यावरच असावा. पण हौदाकडे तिने पाठ फिरवलेली नाही, तोंड तिकडेच करून बसली होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

ऊन वर आल्यावर स्वतःच म्हणाली, "चला."

ट्रिपरचं बटण दाबून बघितलं. पडला. वर केला. ती पायऱ्यांवरून उतरली, दांड्याला आधी एक बोट लावलं, मग पूर्ण हात. मी दोन पायऱ्या सोबत उतरलो.

"काही?"

"काही न्हाई."

एक फेरी झाली. "काही?" "न्हाई." दुसऱ्या फेरीला मी परत विचारलं. "अहो, मला चालू देता की विचारत बसता?" डावा पाय तसाच मागून ओढला जात होता. पाण्यात निदान तो ओढायला हलका जातो. मुंग्या असतानाच्या दिवसांत ती जेवढं चालली त्यापेक्षा आज जास्त चालली. हे मी मनात ठेवलं.

पंपाचं ताजं पाणी ज्या कोपऱ्यातून आत येतं, तिथे ती थांबली. खाली बघत राहिली.

"इथं गार लागतंय."

"कुठं?"

"पायाला."

"कोणत्या?"

"डाव्या. घोट्यापाशी."

मी पाण्यातून उठून पळालो. पंप बंद केला. पेटी बंद केली. घरात जाऊन मेन पाडला. पंखा थांबला, देवघरातला लाल दिवा गेला. परत आलो तर ती पायरीवर पाय पसरून बसली होती. म्हटलं, डोळे मिट. एका तांब्यात माठातलं पाणी घेतलं, दुसऱ्यात चुलीवरचं कोमट. घोट्यावर धार धरली.

"गार," ती म्हणाली. गारच होतं.

दुसरी धार धरली. "गार." ते कोमट होतं.

तिसऱ्यांदा अर्धं पाणी पायरीवर सांडलं. ती डोळे मिटूनच थांबली, कपाळाला आठी घालून, पाटीवरचं अक्षर लांबून वाचावं तशी.

"हे मघापेक्षा ऊन हाय."

होतं.

तीनदा विचारलं, दोनदा बरोबर. अफ्रीन मॅडमला फोन करताना चुकलेलंही सांगणार आहे. देवाला आज काही सांगितलं नाही. उद्या परत विचारतो, परवा परत. मग बघू.

ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, ते हौदातलं की डोळ्यातलं हे मी विचारलं नाही.

"असे काय बसलात? मेन चालू करा," ती म्हणाली. "अजून फेऱ्या राह्यल्यात माझ्या."